पार्किन्सनच्या औषधांचे दुष्परिणाम रुग्णाला कसे समजावून सांगाल?

दुष्परिणामांची छापील यादी हातात दिली की रुग्ण एक तर घाबरून गोळी बंद करतो, नाहीतर कागद न वाचताच ठेवून देतो. म्हणून घरातल्या एखाद्या माणसालाही सोबत बसवा आणि बोलून सांगा.

१. आधी चालू असलेल्या सगळ्या गोळ्या आणायला सांगा, अगदी उलटीची आणि झोपेचीसुद्धा. मेटोक्लोप्रमाइड हे उलटीवरचं औषध मेंदूत डोपामिनची, म्हणजे हालचाली सुरळीत ठेवणाऱ्या रसायनाची, वाट अडवतं, त्यामुळे पार्किन्सन बळावतो. ते सापडलं तर डॉक्टरांना लगेच कळवा.

२. लेव्होडोपा या पार्किन्सनच्या मुख्य औषधाने सुरुवातीला मळमळते. गोळीबरोबर थोडंसं हलकं खाल्लं तर बरं वाटतं, मात्र भरपूर प्रथिनांच्या जेवणासोबत ती नीट लागू पडत नाही. लेव्होडोपाच्या जोडीला देतात त्या एन्टाकॅपोनने लघवी नारिंगी होते. हे आधीच सांगून टाका, उगाच धावपळ होत नाही.

३. उठताना चक्कर येते, ती तोंडी सांगून भागत नाही. करून दाखवा: कुशीवर वळायचं, पाय खाली सोडून बसायचं, मिनिटभर पावलं हलवायची, मग आधार धरून उभं राहायचं. रक्तदाब आडवं असताना आणि उभं राहिल्यावर ३ मिनिटांच्या आत मोजा. वरचा आकडा २० किंवा जास्त उतरला तर डॉक्टरांना सांगायलाच हवं.

४. अंग आपोआप वळवळतंय ते औषधामुळे की आजारामुळे, हे वहीवरून कळतं. दोन-तीन दिवस एवढंच लिहायचं: ‘८ ला गोळी, ९ ला मान-खांदे डोलतात, साडेअकराला पाय जड.’ यावरून डॉक्टर डोस नेमका कुठे हलवायचा ते ठरवतात. वळवळ बऱ्याचदा रुग्णाच्या स्वतःच्या लक्षातच येत नाही, तेव्हा वही घरच्यांनीही भरावी.

५. आता अवघड प्रश्न. प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल या गोळ्यांनी काहींना जुगार, खरेदी, खाणं किंवा कामेच्छा आवरेनाशी होते. शरमेपोटी कुणी आपणहून बोलत नाही, आणि हे गोळीमुळे होतंय असं घरच्यांना स्वप्नातही वाटत नाही. भांडणं मात्र होतात. म्हणून सरळ विचारा, ‘या गोळीने काहींचा स्वतःवरचा ताबा सुटतो. तुम्हाला तसं काही जाणवतंय का?’ जोडीदाराला वेगळं विचारा. हा त्रास कित्येक महिन्यांनीही सुरू होऊ शकतो, त्यामुळे दर भेटीत विचारत राहा. याच गोळ्यांनी अचानक झोपही लागते, गाडी चालवणाऱ्याला हे बजावून सांगा.

६. नसलेली माणसं, प्राणी दिसू लागले तर ‘वेड लागलं’ म्हणून लपवू नका, कळवा. ट्रायहेक्सिफेनिडिल या थरथरीवरच्या गोळीने वयस्करांचा गोंधळ उडतो, तोंडही कोरडं पडतं.

७. शेवटी रुग्णालाच विचारा, ‘घरी गेल्यावर यातलं काय काय सांगाल?’ जे राहील ते पुन्हा सांगा. त्यात एक गोष्ट सुटता कामा नये: कितीही त्रास झाला तरी गोळ्या मनाने एकदम थांबवायच्या नाहीत. तशा थांबवल्या आणि तीव्र ताप, अंग लाकडासारखं ताठ, शुद्ध हरपल्यासारखं झालं, तर थेट रुग्णालय गाठायचं.