आरएक्स १०० चं इंजिन खोललंय? झीज ओळखताना या चुका टाळा

१९९६ नंतर यामाहाची आरएक्स १०० ही मोटरसायकल नव्याने बनली नाही. म्हणजे आज कामाला येणारी गाडी पंचवीस-तीस वर्षांची, आणि तिचं इंजिन याआधी दोन-तीन हातांनी तरी खोललेलं. पिस्टन-बोअरचं काम बहुतेक ठिकाणी नीट होतं, कारण तिथे लेथवाला माप घेतो. घोळ होतो तो खालच्या भागात: क्रँक, गिअर, बेअरिंग, क्लच. तिथे पार्ट हातात धरून "चालेल" किंवा "बदलून टाक" एवढ्यावर निर्णय होतो, आणि मग चांगला पार्ट भंगारात जातो, गेलेला परत चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनच्या खालच्या खोक्यात, बसतो.

गाडी न चालवताच नट ढिले करणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. इंजिन सुटं झालं की सगळेच पार्ट संशयित दिसायला लागतात. म्हणून आधी गाडी चालवा आणि कागदावर लिहा. कुठला गिअर निसटतो? रेस देताना निसटतो की रेस सोडल्यावर? न्यूट्रलमध्ये येणारा खडखडाट क्लच दाबल्यावर थांबतो का? थांबत असेल, तर आधी क्लच हाउसिंगकडे बघायचं, क्रँककडे नाही.

गिअर ऑइल स्वच्छ पांढऱ्या फडक्यातून गाळा आणि फडक्याखालून लोहचुंबक फिरवा. काजळासारखा करडा लेप वयाचा असतो, त्याची भीती नको. चकचकीत कपचे किंवा टोकदार तुकडा मिळाला, तर तो कुठल्या दाताचा आहे ते सापडेपर्यंत चेंबर बंद करायचं नाही.

कनेक्टिंग रॉड आडवा हलवून "रॉड गेला" म्हणणं

माझ्याकडून हीच चूक झाली होती. मित्राच्या गाडीचा दुसरा गिअर चढावर निसटायचा. इंजिन उघडलं, रॉड डावी-उजवीकडे हलवला, तो हलला, आणि मी रॉड किट (रॉड, पिन आणि बेअरिंगचा नवा संच) टाकायचं ठरवलं. क्रँक प्रेसवर गेला, पैसे गेले, आठवडा गेला. दुसऱ्या गिअरचे दात मात्र आरशासारखे चमकत होते, म्हणून तो तसाच परत बसवला. गाडी खंबाटकी घाटात नेली आणि पहिल्याच चढाला गिअर निसटला. मित्राला पुन्हा इंजिन उघडायचं सांगताना फार वाईट वाटलं होतं.

रॉड आडवा हलायलाच हवा. खालच्या रोलर बेअरिंगपर्यंत पेट्रोलसोबत येणारं टू-टी (टू-स्ट्रोक) ऑइल पोचायला ती फट लागते. बघायची ती उभी चाल. क्रँक रॉकेलने धुवा, वाळवा (ऑइल असेल तर ते प्ले, म्हणजे सैलपणा, लपवतं), क्रँक पिन वरच्या टोकाला आणा आणि रॉड सरळ वर-खाली ओढा-दाबा. तिथे हाताला जाणवेल एवढाही प्ले चालत नाही. आडव्या फटीचं आणि वरच्या टोकाच्या हेलकाव्याचं माप सर्व्हिस मॅन्युअलमध्ये वेगवेगळं दिलेलं असतं. फट फिलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी), हेलकावा डायल गेजने (काट्याच्या मापकाने) मोजा. आणि रॉड किट टाकायचंच ठरलं, तर क्रँक नुसता प्रेस करून आणू नका. दोन टोकांमध्ये धरून डायल गेजवर त्याचा थरथराट शंभरांश मिलिमीटरमध्ये तपासून घ्या. नाहीतर नवीन रॉडसोबत नवीन बेअरिंगही लवकर वाजायला लागतील.

गिअरचे दात बघणं आणि डॉग न बघणं

आरएक्सच्या गिअरबॉक्समध्ये दात कायम एकमेकांत अडकलेले असतात. गिअर "पडतो" तो बाजूच्या जाड ठोकळ्यांमुळे, म्हणजे डॉगमुळे. गिअर निसटत असेल तर दोष दातांत शोधायचाच नाही. दात चमकणं ही झीज नव्हे, ती दोन गिअर नीट टेकत असल्याची खूण आहे. दातावर सुईने टोचल्यासारखे खड्डे दिसले, किंवा पृष्ठभागाचा पापुद्रा निघालेला दिसला, तरच काळजी. गिअरचं वरचं कवच तेवढंच कडक केलेलं असतं. ते फुटलं की आतलं मऊ पोलाद भराभर झिजतं, आणि मग जोडीतले दोन्ही गिअर बदलावे लागतात.

डॉगची कड कोरी असताना काटकोनी असते, झिजली की वापरलेल्या साबणासारखी गोल होते. कुठली बाजू गोल झाली ते तुमच्या कागदाशी ताडून बघा. रेस देताना निसटत असेल तर ओढणारी बाजू, रेस सोडल्यावर निसटत असेल तर उलटी बाजू. डोळ्यांवर विश्वास नसेल तर जोडीचे दोन गिअर हातात घेऊन डॉग एकमेकांत बसवा आणि जोरात पिळा. चांगली जोडी घट्ट राहते. झिजलेली आपोआप एकमेकींपासून लांब सरकते. समोरच्या गिअरमधल्या खाचेची कडही तपासा, कारण झीज एकट्या डॉगला होत नाही.

मग फोर्क, म्हणजे गिअर शाफ्टवर सरकवणारा काटा. टोकं निळी पडली असतील तर ती तापली आहेत. फोर्क बहुधा वाकलेला असतो किंवा चालवणाऱ्याचा पाय सतत गिअर लिव्हरवर असतो. एकच टोक झिजलं असेल तर वाकल्याचीच शंका घ्या. असा फोर्क तसाच ठेवून नवा गिअर टाकला तर तो डॉगमध्ये अर्धवटच शिरतो आणि त्याच्याही कडा गोल होतात.

शाफ्टवरून निघालेले गिअर आणि वॉशर त्याच क्रमाने तारेत ओवून ठेवा. जुन्या सर्क्लिप (गिअर शाफ्टवर जागेवर धरणाऱ्या स्प्रिंगच्या कड्या) परत वापरू नका. नवी बसवताना गोलसर कड गिअरच्या बाजूला, धारदार कड पलीकडे.

झीज दिसली, पण कारण शोधलं नाही

बाहेर कुठे गळती नाही, तरी गिअर ऑइल कमी होतंय आणि सायलेन्सरमधून दाट पांढरा धूर येतोय? मग क्लचच्या बाजूचं क्रँक ऑइल सील तपासा. ते गेलं की पिस्टन वर जाताना क्रँकच्या कप्प्यात पोकळी तयार होते आणि गिअर ऑइल आत ओढलं जाऊन जळतं. गिअरबॉक्स कोरडा पडत जातो. अशा गाडीत नवे गिअर टाकून जुनं सील ठेवणं म्हणजे पैसे धुरात घालवणं. तसंच आउटपुट शाफ्टचं बेअरिंग गेलं असेल तर चेन किती ताणलेली होती ते आधी विचारा.

बेअरिंग कधीही न धुता तपासू नका, आणि धुतल्यावर कॉम्प्रेसरच्या हवेने गरगर फिरवू नका. कोरड्या गोळ्या घसरून चांगलं बेअरिंग तिथेच खराब होतं. थेंबभर ऑइल टाकून बोटाने सावकाश फिरवा, खरखर किंवा अडखळ जाणवली की बाद. नवीन सी३ बेअरिंग हातात थोडं सैल वाटतं, ते सदोष म्हणून परत करू नका. ते शाफ्टवर आणि चेंबरमध्ये दाबून बसणार आणि तापणार, त्यासाठीच आत जास्त फट ठेवलेली असते.

क्लच आणि चेन

क्लच प्लेटची जाडी सगळेच मोजतात. पोलादी प्लेट काचेवर ठेवून वाकलीय का ते फिलर गेजने बघा, स्प्रिंगची मोकळी लांबी मोजा, आणि हाउसिंगच्या बोटांवर नख फिरवा. तिथे खाचा पडल्या असतील तर नवीन प्लेटाही अडकतील आणि क्लच झटका देईल. आणि प्लेट बदलण्याआधी कुठलं ऑइल टाकलं होतं ते विचारा. घर्षण कमी करणाऱ्या कारच्या ऑइलने चांगला क्लचही घसरतो. डब्यावर जासो एमए, म्हणजे ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचला चालणारा दर्जा, लिहिलेलं हवं.

४२८ नंबरच्या चेनच्या दोन पिनांमधलं अंतर १२.७ मिमी असतं. चेन ताणून २० कड्या मोजा: नवी २५४ मिमी भरते, २५९ च्या आसपास गेली तर बाद. सोबत दोन्ही स्प्रॉकेट (चेनची दातेरी चाकं) बदला.

चेंबर बंद केल्यावर, इंजिन फ्रेममध्ये चढवण्याआधी, चारही गिअर टाकून बघा. शाफ्ट थांबलेले असताना डॉग समोरासमोर येतात आणि गिअर पडत नाही. म्हणून एका हाताने स्प्रॉकेट मागे-पुढे फिरवत राहा. तसं न करता "गिअर अडकला" म्हणून नवीन पॅकिंग फाडू नका.