अठराव्या शतकाच्या पद्धतीचं स्त्रीचं तैलचित्र, कोकणातल्या हवेत

कोकणात हे चित्र दिवाळीनंतरच हाती घ्यावं. तेलरंग पाण्यासारखा उडून वाळत नाही. जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं, आणि दमट हवेत हे फार रेंगाळतं. डिसेंबरअखेर काम संपवलं, तर मे महिन्यात, पावसाच्या आधी व्हार्निश मारता येतं.

इंग्लंडमध्ये त्या काळी ठरलेली मापं होती. छातीपर्यंतच्या चित्राला ३० बाय २५ इंच, एक हात दाखवायचा तर ३६ बाय २८. सुरुवातीला पहिलं माप घ्या. हात चेहऱ्याहून अवघड. कॅनव्हासला पूर्वी सरस लावत, पण सरस आपल्याकडे पावसात ओल धरतो, कॅनव्हास सैल पडतो आणि वरचा रंग तडकतो. त्याऐवजी ॲक्रिलिक जेसोचे, म्हणजे रंगाखाली द्यायच्या पांढऱ्या अस्तराचे, तीन हात द्या. वर टर्पेन्टाइनमध्ये पातळ केलेला अंबर (मातकट तपकिरी रंग) आणि पांढरा मिसळून मध्यम राखाडी-तपकिरी रंग पुसून घ्या. पांढऱ्या पाटीवर कुठलीही सावली खरी असते त्याहून काळी वाटते आणि अंदाज चुकतो.

बाईंना पडवीत उत्तरेच्या उजेडाला बसवा. अंग थोडं एका बाजूला, चेहरा त्याहून कमी वळलेला, उजेड वरून आणि डावीकडून. बाकीच्या खिडक्या झाका, नाहीतर खळ्यातल्या उन्हाची झळाळी हनुवटीखाली येऊन सावलीच खाऊन टाकते. डोकं माथ्यापासून हनुवटीपर्यंत आठ इंचांच्या आत ठेवा. मोठं झालं की चेहरा अंगावर येतो.

पहिला थर अंबर, काळा आणि पांढरा एवढ्यावरच, फक्त टर्पेन्टाइनने. चेहरा इथेच ओळखू यायला हवा, कारण पुढचे रंग चुकलेलं नाक सरळ करत नाहीत. चार-पाच दिवसांनी बोट लावून पाहा. चिकटत असेल तर थांबा. दुसऱ्या थराला टर्पेन्टाइन दोन भाग, तेल एक भाग. शेवटच्याला निम्मं-निम्मं. उलट केलं, म्हणजे तेलकट थरावर कमी तेलाचा थर दिला, तर वरचा आधी वाळतो, खालचा हलत राहतो आणि भेगा पडतात.

कातडीला टायटेनियम व्हाइट, यलो ऑकर (मातकट पिवळा), थोडा लाल. सावळ्या वर्णाला बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) वाढवा. उजेड-सावलीच्या मधल्या पट्ट्याला निळा लावू नका. आयव्हरी ब्लॅक आणि पांढरा यांचा करडा रंग उबदार रंगाशेजारी आपोआप निळसर दिसतो. गालांची लाली टिकाऊ रंगातच हवी. त्या काळातला इंग्रज चित्रकार रेनॉल्ड्स याने कार्माइन हा किरमिजी रंग वापरला, तो उडाला, आणि त्याच्या चित्रांतल्या कित्येक बायका फिकट पडल्या.

वस्त्रासाठी बाईंना ताटकळत बसवू नका. त्या काळात वस्त्रं रंगवणारे वेगळे कारागीर असत. लंडनमध्ये जोसेफ व्हॅन एकेन अनेक चित्रकारांची कापडं रंगवून देई, आणि पोशाख पुतळ्यावर चढवला जाई. शिंप्याकडचा पुतळा आणा, त्यावर शालू नेसवा. चुण्या आठवडाभर हलणार नाहीत. रेशमाला आधी मधला रंग सगळीकडे, मग गडद घड्या, आणि चमक अगदी शेवटी, कडक ब्रशने, एकाच फटकाऱ्यात. घोटली की रेशमाचं सुती कापड होतं. नथीचे मोतीही याच क्रमाने: करडा गोळा, एका बाजूला सावली, खालच्या कडेला परतलेला मंद उजेड, वर एकच पांढरा ठिपका. दोन ठिपके दिले की काचेचा मणी!

चित्र वाळत असताना अंधाऱ्या माजघरात ठेवू नका. जवसाचं तेल अंधारात पिवळं पडतं; उजेडात आणलं की बरंचसं निवळतं, पण थेट ऊन नको. व्हार्निश कोरड्या दुपारीच मारा, दमटपणात त्यावर पांढुरकी धुरकट झाक येते. आणि चिऱ्याच्या भिंतीला चित्र टेकवून लावू नका. चौकटीच्या चारही कोपऱ्यांना मागून दोन सेंटीमीटर जाडीचे बुचाचे तुकडे चिकटवा. मागे हवा खेळली नाही, तर श्रावणापर्यंत कॅनव्हासच्या पाठीवर बुरशी आलीच म्हणून समजा.