गेडीच्या लेझरने लागवडीची उंची आणि थर कसे मोजावेत

आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरचा नासाचा गेडी (GEDI) हा लेझर झाडांची उंची मोजतो; तो जमिनीवरच्या सुमारे २५ मीटर व्यासाच्या ठिपक्यातून परतणारा प्रकाश नोंदवतो. एका रेषेत ठिपके ६० मीटरवर, तर शेजारच्या रेषा सुमारे ६०० मीटरवर असतात. त्यामुळे छोट्या लागवडीत दोन-चार ठिपकेच पडतात. एकाच वयाचे, एकाच जातीचे बरेच तुकडे एकत्र घ्या.

गेडीच्या तयार माहितीपैकी उंचीसाठी एल२ए (L2A), पर्णभार (पानांचे प्रमाण) आणि पानांच्या उभ्या थरांसाठी एल२बी (L2B) फाइल उतरवा. क्वालिटी फ्लॅग १ (मोजणी वापरण्याजोगी), डिग्रेड फ्लॅग ० (ठिपक्याची जागा बिघडलेली नाही) आणि सेन्सिटिव्हिटी (दाट पानांतूनही जमीन ओळखण्याची क्षमता) ०.९५ च्या वर, एवढेच ठिपके ठेवा. दाट लागवडीत पूर्ण शक्तीचे बीम (लेझर किरण) आणि रात्रीची मोजणी जास्त भरवशाची.

खरी गफलत होते ती कडेला. ठिपक्याची जागा साधारण १० मीटर इकडेतिकडे सरकलेली असू शकते, म्हणून लागवडीची हद्द आतल्या बाजूने २५ मीटर कमी करून मगच ठिपके निवडा. नाहीतर शेजारचा रस्ता किंवा पडीक रानही मोजणीत शिरते.

उंचीला आरएच ९८ (RH98) वापरा, म्हणजे परतलेल्या प्रकाशाचा ९८ टक्के भाग जमिनीपासून ज्या उंचीच्या खालून येतो ती उंची. आरएच १०० ला (सगळ्यात वरच्या परताव्याला) गोंगाटाचा, म्हणजे चुकीच्या संकेतांचा, त्रास अधिक. उतार तपासाच: २० अंशांच्या उतारावर एकाच ठिपक्यात जमीन ९ मीटर वरखाली होते आणि बुटकी झाडे जमिनीच्या परताव्यात मिसळतात. कोवळ्या रोपांचेही तेच. उघड्या जमिनीवरसुद्धा आरएच ९८ दोन-तीन मीटर दाखवतो. पानगळीच्या जातींसाठी झाडांवर पाने असतानाच्या हंगामातली मोजणी वेगळी काढा.