चौथीच्या पोरांना विश्वकोश कसा वाचायला द्यायचा

मराठी विश्वकोश आपल्या सातारा जिल्ह्यातल्या वाईत घडला आणि आज तो ऑनलाइन फुकट वाचता येतो, पण नोंद तशीच्या तशी चौथीच्या पोरापुढं ठेवली तर ते दुसऱ्या ओळीला उठून जातं, कारण ती भाषा मोठ्यांसाठीच आहे. म्हणून आधी लेख उघडूच नका, पोरांकडून प्रश्न घ्या. कास पठारावर मोठी झाडं का नाहीत? मग नोंदी तुम्ही वाचा आणि उत्तर बोलीत लिहा: खाली जांभा दगड, वर मातीचा पातळ थर, मोठी मुळं धरणार कुठं! एका वाक्यात एकच गोष्ट. अवघड शब्द आला की शेजारी फोटो, विकिमीडिया कॉमन्स या फुकट फोटोंच्या साइटवर भरपूर मिळतात, फक्त फोटो काढणाऱ्याचं नाव खाली लिहायचंच, ही सवय लहानपणीच लागलेली बरी.

विकिपीडिया कुणीही बदलू शकतं हे पोरांना इतिहास टॅब उघडून दाखवा, आणि कास २०१२ साली जागतिक वारसा यादीत आलं असली माहिती दुसरीकडं पण तपासायला लावा.

पाटण, जावळीकडं वाड्यावस्त्यांवर रेंज नसेल तर नेटशिवाय विकिपीडिया वाचायला देणाऱ्या किविक्स ॲपमध्ये मराठी विकिपीडिया आधीच डाउनलोड करून न्या.