पाण्यातील विषाणू काढताना सामू आणि विद्युतभार कसा विचारात घ्यावा
प्रथम पाण्याचा सामू (पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल वा अल्कधर्मी आहे ते दाखवणारा आकडा) मोजावा, कारण विषाणूच्या प्रथिन-कवचावरील विद्युतभार त्यावर ठरतो. उदाहरणार्थ, एमएस-२ या जिवाणूभक्षक (जिवाणूंना संसर्ग करणाऱ्या) विषाणूचा एकूण भार सुमारे ३.९ सामूला शून्य होतो. सामू ७ च्या आसपास असलेल्या पाण्यात मात्र तो ऋणभारित असतो आणि वाळूचे कणही ऋणभारित असल्याने दोघे एकमेकांना दूर लोटतात. म्हणून नुसत्या वाळूच्या गाळणीवर विसंबू नये, असे मी आग्रहाने सांगेन. आधी तुरटी घालून सामू ६ ते ७ दरम्यान राखावा, म्हणजे तुरटीतील ॲल्युमिनियमचे धनभारित कण विषाणूंना गुठळ्यांत ओढून घेतात. गुठळीत अडकलेला विषाणू निष्क्रिय झालेला असेलच असे नाही, त्यामुळे साका (तळाशी बसलेला गुठळ्यांचा गाळ) जपून हाताळावा. गाळलेल्या पाण्यात शेवटी क्लोरीन घालावे, सामू ७.५ पेक्षा कमी असल्यास ते अधिक प्रभावी ठरते.