डिटेक्टर घेऊन इंग्लंडच्या शेतात उतरण्याआधी

ऑगस्ट संपत आला की इंग्लंडमध्ये गव्हाची कापणी उरकते, शेतात नुसती धसकटं राहतात आणि मेटल डिटेक्टरवाल्यांचा हंगाम सुरू होतो. नवं पीक वर येईपर्यंत हाताशी काही आठवडेच असतात. इथे राहणाऱ्या आपल्या मंडळींपैकी कुणाला हा नाद लागला की तो आधी यंत्र घेतो आणि मग "आता जाऊ कुठे?" म्हणून विचारत सुटतो. हा क्रम उलटा आहे. शेतात जे काही मिळतं त्यातलं निम्म्याहून अधिक घरात बसून केलेल्या तयारीने मिळतं. यंत्राचा नंबर त्यानंतर येतो.

सगळ्यात आधी परवानगी. इथल्या प्रत्येक तुकड्याला कुणी ना कुणी मालक असतो. शेतातून सार्वजनिक पायवाट जात असेल तर तिच्यावरून चालण्याचा हक्क तुम्हाला आहे, खणण्याचा नाही. शेतकऱ्याला भेटायला जाल तेव्हा डिटेक्टर गाडीतच राहू द्या, आणि कंबाईन हार्वेस्टर शेतात फिरत असताना तर दार वाजवूच नका. कोण आहोत, कुठे राहतो, विमा आहे, खड्डा बुजवल्याशिवाय पुढे सरकत नाही, सापडेल ते सगळं दाखवतो, एवढं सांगितलं की पुरे. कसणारा एक आणि मालक दुसरा असं पुष्कळदा असतं. तिथे दोघांचाही होकार लागतो. होकार मिळाला की एक पानाचा कागद करून घ्या: कोणती शेतं, कोणते महिने, आणि मौल्यवान काही निघालं तर वाटणी कशी. निम्मं-निम्मं ही इथली रीत आहे, पण रीत आहे म्हणून तोंडी सोडू नका. पैशाची गोष्ट निघाली की भल्याभल्यांची स्मरणशक्ती दगा देते. विम्यासाठी नॅशनल कौन्सिल फॉर मेटल डिटेक्टिंगचं सदस्यत्व घ्या, सार्वजनिक दायित्वाचा विमा त्यातच येतो. आणि चार दारांवरून नकार घेऊन परतलात तर सरळ एखाद्या स्थानिक क्लबात नाव घाला. त्यांच्याकडे शेतं ठरलेली असतात आणि जुनी खोडं शिकवतातही.

कायद्याचं पान एकदा नीट वाचून ठेवा. १९७९ च्या प्राचीन स्मारक कायद्याप्रमाणे संरक्षित स्मारकाच्या जागेवर लेखी संमतीशिवाय डिटेक्टर वापरणं हाच गुन्हा आहे, मग काही सापडो वा न सापडो. एकट्या इंग्लंडमध्ये अशा सुमारे २० हजार जागा आहेत, आणि त्यातल्या कितीतरी वरून साध्या कुरणासारख्याच दिसतात. 'मॅजिक' नावाचा सरकारी नकाशा इंटरनेटवर फुकट आहे. तुमचं शेत त्यावर शोधा आणि रंगवलेली हद्द कुठे लागते ते बघून ठेवा. स्कॉटलंडचा कायदा वेगळा आहे, तिथे जुनी वस्तू सापडली की ती कळवावीच लागते. आयर्लंडमध्ये तर जुन्या वस्तूंच्या शोधात परवानगीविना डिटेक्टर चालवणंच बेकायदा आहे. लंडनमध्ये थेम्सच्या ओहोटीच्या काठावर उतरायचं असेल तर पोर्ट ऑफ लंडन अथॉरिटीचा परवाना लागतो. तिथे रोमन नाण्यांच्या जोडीला आपल्या लोकांनी विसर्जित केलेल्या गणपती-लक्ष्मीच्या छोट्या मूर्तीही निघतात, हे जाता जाता.

आणखी एक, कारण हा प्रश्न हटकून येतो: सुट्टीवर जाताना यंत्र बॅगेत घालून गावी न्यावं का? नेऊ नका. भारतात १८७८ चा निखात निधी कायदा अजून लागू आहे; जमिनीत दडलेलं दहा रुपयांहून जास्त किमतीचं काहीही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्याला कळवावं लागतं. आणि गडकिल्ल्यांवर यंत्र फिरवून खणणाऱ्याला मी छंदिष्ट म्हणणार नाही, चोरच म्हणेन.

आता नकाशे. नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडच्या संकेतस्थळावर एकोणिसाव्या शतकातले ऑर्डनन्स सर्व्हेचे (इथल्या सरकारी नकाशा खात्याचे) नकाशे आजच्या उपग्रहचित्राशेजारी ठेवून बघता येतात. नाव स्कॉटलंडचं असलं तरी इंग्लंड-वेल्सचेही आहेत. माणसं जिथे थांबत, बसत, भांडत, पैसे मोजत, तिथेच पैसे पडतात. म्हणून बुजलेली पायवाट, मोडलेला बांध, विहीर, नदीचा उतार, चर्चकडे जाणारी आडवाट, जत्रेचं मैदान अशा खुणा शोधा. चाळीस एकरांचं शेत एका दिवसात पिंजून होत नाही. त्यातला कोणता कोपरा आधी घ्यायचा हे आदल्या रात्री ठरलेलं हवं. शेतकऱ्याला मात्र एक प्रश्न जरूर विचारा: "या शेतात कधी ग्रीन वेस्ट टाकलंय का?" शहरातल्या बागकचऱ्याचं ते खत असतं, आणि त्यातून ॲल्युमिनियमचे कपटे, बाटल्यांची झाकणं, बॅटऱ्यांचे तुकडे असं काहीबाही शेतभर पसरतं. उत्तर हो आलं तर दुसरं शेत मागा. तिथे कुठलंही यंत्र हात टेकतं.

यंत्राबद्दल माझं मत आधीच सांगतो. पहिल्या वर्षी महागडं मॉडेल घेऊ नका, आणि जे घ्याल ते वर्षभर बदलू नका. या यंत्राचं काम तसं सोपं आहे. एका वेटोळ्यातून बदलतं चुंबकीय क्षेत्र जमिनीत जातं, धातूत त्यामुळे प्रवाह उठतो, आणि त्याचा प्रतिसाद दुसरं वेटोळं टिपतं. प्रतिसादाला किती उशीर झाला त्यावरून यंत्र आवाज आणि आकडा ठरवतं. पण तो आकडा म्हणजे अंदाज. सोन्याची अंगठी, बीअरच्या डब्याची कडी आणि चुरगळलेला ॲल्युमिनियमचा कागद यांचे आकडे एकमेकांत मिसळलेले असतात. जो 'कचरा नको' म्हणून डिस्क्रिमिनेशन, म्हणजे ठरावीक आकडे गप्प करण्याची सोय, चढवतो, त्याने सोनंही वगळलेलं असतं. लोखंडाचा आवाज हळू करा हवं तर, बाकी सगळं ऐकू द्या.

हे कान घरीच तयार करता येतात. अंगणात किंवा हिरवळीवर काही वस्तू मांडा आणि एकेकीवरून कॉइल, म्हणजे दांड्याच्या टोकाची ती वेटोळ्यांची चकती, फिरवून आवाज ऐका. पण नाणी जपून निवडा. १९९२ पासूनची एक पेनी ही वरून तांबं आणि आतून पोलाद आहे, आपला आजचा रुपया स्टेनलेस स्टीलचा. दोन्ही यंत्राला लोखंडासारखीच वाटतात आणि माणूस नव्याकोऱ्या यंत्राला दोष देत बसतो. १९९२ च्या आधीची पेनी घ्या. जुन्या बाजारातून १९२० पूर्वीचा सिक्सपेन्स मिळवा, तो ९२.५ टक्के चांदीचा असतो. सोबत एक लोखंडी खिळा, डब्याची कडी, शिशाचा तुकडा आणि स्वतःची अंगठी ठेवा. मग खिळा नाण्याच्या अगदी शेजारी सरकवा आणि ऐका. शेतात नाणं बहुधा अशाच संगतीत भेटतं.

आदल्या संध्याकाळी यंत्र पूर्ण चार्ज करा, हेडफोन आणि पिनपॉइंटरसुद्धा. पिनपॉइंटर म्हणजे खड्ड्यात खुपसून वस्तू नेमकी कुठे आहे ते दाखवणारी हातभर नव्हे, वीतभर कांडी. ती नसेल तर तुम्ही दिवसभर माती चिवडत बसाल. कॉइलचं कव्हर काढून आत साठलेली माती धुऊन टाका, कारण त्या ओल्या मातीनेही यंत्र खोटं ओरडतं. कॉइलची वायर दांड्याला घट्ट गुंडाळलेली आहे ना ते बघा. ती लोंबकळत हलली तरी तेच. सॉफ्टवेअर अपडेट करायचं असेल तर आठवडाभर आधी करा, निघायच्या सकाळी नाही.

पिशवी फार भरू नये. दांडा मजबूत असलेलं अरुंद पात्याचं फावडं, कुरणासाठी दातेरी हातखुरपं, उपसलेली माती ठेवायला प्लॅस्टिकचा जाड कागद, कंबरेला दोन कप्प्यांची थैली: एक सापडलेल्या वस्तूंसाठी, एक कचऱ्यासाठी. आत स्पंज घातलेली छोटी डबी नाजूक चिजांसाठी. झिपच्या पिशव्या, कायम टिकणाऱ्या शाईचं पेन, पॉवर बँक, पाणी, चहाचा थर्मास, पोळी-भाजीचा डबा. हातमोजे विसरू नका, जमिनीत काचाही असतात. धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलेलं असू द्या, आणि मेंढ्यांच्या कुरणात हात साफ केल्याशिवाय डब्याला हात लावू नका. उन्हाळ्यात उंच गवतातून आलात तर घरी गोचीड तपासा. बूट मात्र पोलादी टोपणाचे नकोत. कॉइल पायाजवळ आली की दर पावलाला सिग्नल.

शेतात पोचल्यावर लगेच चालू पडू नका. फोन विमान मोडवर टाका किंवा पाठीवरच्या पिशवीत ठेवा. कॉइल जमिनीपासून वर स्थिर धरून यंत्राला आसपासचा विजेचा गोंगाट टाळू द्या. हेडफोनमध्ये घड्याळासारखी ठरावीक टिकटिक येत असेल तर जवळपास विजेचं कुंपण आहे, तिथून लांब सरका. मग धातू नसलेली जागा शोधा, कॉइल तिथे वर-खाली करत ग्राउंड बॅलन्स करा, म्हणजे यंत्र मातीचा स्वतःचा प्रतिसाद वगळायला शिकतं. शेवटी सेन्सिटिव्हिटी. ती सगळ्यात वर नेऊन ठेवण्याचा मोह प्रत्येकाला होतो. यंत्र विनाकारण बडबडत असेल तर एकेक पायरी खाली या. शांत यंत्रात ऐकलेला पुसट सिग्नल गोंगाटात हरवणाऱ्या दोन इंच खोलीपेक्षा जास्त मोलाचा. चांगल्या जमिनीत नाण्याएवढी वस्तू साधारण वीतभर खोलवर लागते, त्यापलीकडची आशा जाहिरातींवर सोडा. पाऊस पडून गेलेल्या ओलसर मातीत सिग्नल जास्त स्पष्ट येतात आणि खणणंही हलकं जातं.

चालायचं हळू. कॉइल जमिनीला समांतर, दोन बोटांवर, आणि प्रत्येक फेरा आधीच्या फेऱ्यावर निम्मा चढलेला. बहुतेक जण हात झोक्यासारखा नेतात, मग दोन्ही टोकांना कॉइल वर उचलली जाते आणि तेवढी पट्टी कोरीच राहते. धसकटं उंच असतील तर कॉइल त्यांवरच टेकते आणि तेवढी खोली जाते; अशा वेळी शेतकरी नांगरून, दिंड फिरवून जमीन सपाट करेपर्यंत थांबलेलं बरं.

सिग्नल आला की नव्वद अंशात वळून त्याच जागेवरून पुन्हा कॉइल न्या. दोन्ही बाजूंनी सारखाच गोल आवाज आला तर खणा. एका बाजूने छान किणकिणतो आणि दुसऱ्या बाजूने बुजतो किंवा जागा बदलतो, तर बहुतेक गंजका खिळा. तरीही पहिल्या हंगामात तोही खणून बघा, कानाची शाळा तिथेच भरते. मध्यापासून वीतभर अंतर सोडून फावडं घाला, नाहीतर नेमकं नाण्यावरच पातं बसतं. कुरणात तीन बाजूंनी काप देऊन गवताचा थर चौथ्या बाजूला उलटवा, माती कागदावर काढा, वस्तू मिळाल्यावर खड्ड्यातून पिनपॉइंटर पुन्हा एकदा फिरवा. मग माती आत, थर वर, टाचेने दाबून पक्का. मध्ययुगीन हातठोकीची चांदीची पेनी माशाच्या खवल्याएवढी पातळ असते, वजन दीड ग्रॅमच्याही आत, आणि सुट्ट्या पैशांसाठी लोक ती कापून अर्धी किंवा पाव करत. ढेकळात ती सहज निसटते. ढेकूळ फोडताना बोटांनी दाबा, फावड्याने नको.

सापडलेली वस्तू जागेवर घासू नका. पँटीला पुसून बघण्याच्या सवयीने तांब्या-ब्राँझवरचा हिरवा थर जातो आणि त्याबरोबर अक्षरंही. पिशवीत घाला, वर ग्रिड संदर्भ, म्हणजे नकाशावरच्या चौकटींप्रमाणे जागेचा आकडा, लिहा, निदान आठ आकडी. पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीम ही लोकांना सापडलेल्या जुन्या वस्तू नोंदवणारी योजना; तिच्या स्थानिक अधिकाऱ्याला, फाइंड्स लायझन ऑफिसरला, तो लागतोच. जागा न नोंदवलेलं रोमन नाणं म्हणजे फक्त एक जुनं नाणं. साध्या वस्तूंची नोंद ऐच्छिक आहे, पण करा. १९९६ च्या ट्रेझर ॲक्टमध्ये बसणाऱ्या वस्तूंना मात्र पर्याय नाही: ३०० वर्षांहून जुनी आणि किमान दहा टक्के सोनं किंवा चांदी असलेली वस्तू, तशीच एकत्र सापडलेली दोन वा अधिक सोन्या-चांदीची नाणी, तांब्या-ब्राँझसारख्या साध्या धातूची असतील तर किमान दहा. २०२३ पासून २०० वर्षांहून जुन्या, विशेष महत्त्वाच्या धातूच्या वस्तूही त्यात आल्या. १४ दिवसांत कॉरोनरला (अशा वस्तूंची चौकशी करणाऱ्या न्यायिक अधिकाऱ्याला) कळवायचं, आणि व्यवहारात तो निरोप फाइंड्स लायझन ऑफिसरच पोचवतो. म्हणून त्यांचा नंबर निघायच्या आधीच फोनमध्ये असू द्या. बॉम्ब किंवा तोफगोळ्यासारखं काही दिसलं तर हात लावू नका, लांब व्हा आणि ९९९ फिरवा. दुसऱ्या महायुद्धातलं अजूनही निघतं.

आणि खड्ड्यातून एकामागून एक नाणी यायला लागली तर थांबा. १९९२ च्या नोव्हेंबरात सफोकमधल्या हॉक्सन गावी एरिक लॉज शेतकऱ्याचा हरवलेला हातोडा शोधत होते आणि त्यांना रोमन काळातलं सोनं-चांदी लागलं. थोडं बाहेर आल्यावर त्यांनी खणणं थांबवलं आणि कळवलं. त्यामुळे पुरातत्त्वज्ञांना सुमारे १५ हजार नाणी आणि दागिने कसे रचून ठेवले होते, लाकडी पेटीचे अवशेष कुठे होते, हे जमिनीतच वाचता आलं. बक्षीस साडेसतरा लाख पौंडांचं झालं, आणि तो हातोडाही आता ब्रिटिश म्युझियमकडे आहे. तेव्हा खड्डा झाका, शेतकऱ्याला बोलवा, ऑफिसरला फोन लावा आणि कुणी येईपर्यंत तिथेच चहा पीत बसा. फोटो काढा, पण तो कुठेही टाकू नका. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर नाहीच, कारण तिथून तो रात्रीत तीन जिल्हे फिरून येतो आणि सकाळी त्या शेतात दुसऱ्याच कुणाचे खड्डे असतात.