डोळ्याचं प्रेशर वाढलंय? मग थेंब नीट घालायला शिका

डॉक्टरांनी प्रेशरचे थेंब लिहून दिले की बऱ्याच जणांना वाटतं बाटली संपली म्हणजे कोर्स संपला. तसं नाहीये, बीपीच्या गोळीसारखं आहे हे, डॉक्टर स्वतः बंद करा म्हणेपर्यंत रोज चालू ठेवायचं. डोळ्याचं प्रेशर साधारण 10 ते 21 mmHg नॉर्मल धरतात, ते वाढलेलंच राहिलं तर डोळ्यामागची नस हळूहळू खराब होऊ शकते, त्यालाच काचबिंदू म्हणतात, बहुतेक वेळा ना दुखत ना खुपत, कडेची नजर कमी होत जाते आणि गेलेली परत येत नाही. थेंबांनी दिसायला सुधारत नाही, आहे ती नजर टिकते, त्यामुळे "काही फरकच पडत नाही" म्हणून प्लीज सोडू नका.

आता घालायचे कसे. हात साबणाने धुवायचे, मान मागे टाकायची, वयस्कर माणूस असेल तर सरळ आडवंच झोपवायचं. खालची पापणी बोटाने हलकेच खाली ओढली की आत छोटा खिसा तयार होतो, नजर छताकडे ठेवून थेंब त्या खिशात सोडायचा, थेट बुबुळावर पडला की माणूस दचकतो आणि डोळा गच्च मिटतो. हात थरथरत असेल तर बाटली धरलेला हात कपाळावर टेकवा. बाटलीचं टोक पापणीला किंवा बोटाला लागू द्यायचं नाही.

आणि एकच थेंब बास! डोळ्यात जेमतेम 30 मायक्रोलिटर मावतं आणि एक थेंबच बहुतेक त्याहून मोठा असतो, मग दुसरा गालावरून ओघळणार आणि बाटली महिन्याच्या आधीच संपणार.

यापुढची स्टेप बहुतेक लोक करतच नाहीत. थेंब पडला की डोळा अलगद मिटायचा, मिचकवायचा नाही, आणि नाकाच्या बाजूचा डोळ्याचा कोपरा बोटाने 2-3 मिनिटं दाबून धरायचा. तिथून नाकात जाणारी बारीक नळी असते, दाबलं नाही तर औषध तिकडे उतरतं, घशात कडवट चव येते ती त्याचीच. टिमोलॉल नावाचे प्रेशरचे थेंब असतील तर हे फारच महत्त्वाचं कारण ते रक्तात जाऊन हार्टबीट कमी करू शकतं, दम लागू शकतो, म्हणून दमा असेल किंवा ठोके आधीच कमी असतील तर डोळ्यांच्या डॉक्टरांना आधीच सांगा, त्यांनी विचारायची वाट बघू नका.

दोन वेगळे थेंब असतील तर मध्ये निदान 5 मिनिटं सोडा, नाहीतर दुसरा पहिल्याला धुऊन काढतो. कॉन्टॅक्ट लेन्स आधी काढायच्या, परत घालायला 15 मिनिटं थांबायचं.

लॅटानोप्रॉस्ट नावाचा थेंब सहसा रात्री एकदाच असतो. त्याने सुरुवातीला डोळे लाल दिसतात, पापण्यांचे केस लांब होतात, डोळ्याभोवतीची कातडी काळवंडते, म्हणून बाहेर आलेलं औषध लगेच टिपून घ्या. ब्रिमोनिडीन या थेंबाने तोंड कोरडं पडतं, झोप येते, काहींना ॲलर्जी होऊन डोळा खाजतो. त्रास झाला तर फोन करून विचारा, बदलून मिळतं, पण परस्पर बंद नको.

एखादा डोस विसरला तर पुढच्या वेळी डबल घालू नका. फोडल्याची तारीख बाटलीवर पेनाने लिहा, बहुतेक थेंब 4 आठवड्यांनी टाकायचे असतात, बाटलीत उरले असले तरी. न फोडलेलं लॅटानोप्रॉस्ट सहसा फ्रीजमध्ये (फ्रीझरमध्ये नाही), मेडिकलवाल्याला विचारून घ्या.

अजून एक, डोळा लाल झाला म्हणून मेडिकलमधून स्वतःच्या मनाने स्टेरॉइडचे थेंब आणायचे नाहीत, त्यानेच प्रेशर चढू शकतं. आणि अचानक डोळा खूप दुखला, लाल झाला, दिव्याभोवती रंगीत कडी दिसली, उलट्या झाल्या तर सकाळपर्यंत थांबू नका, तेव्हाच हॉस्पिटल गाठा.

चेकअपच्या दिवशी पण थेंब नेहमीसारखेच घालून जा, नाहीतर औषध लागू पडतंय का ते डॉक्टरांना कळणार नाही, आणि सगळ्या बाटल्या पिशवीत घालून सोबत न्या.